मास्तरांची सुपारी आणि प्रोफेसरांची बाई

...आणि वर मलाच विचारतात हो. मास्तर, बाई गेली कुठं? अरे, मला काय माहीत बाई गेली कुठं? मी काय नेली होती का तिला? मी आपला सरळ माणूस, श्रीवर्धनच्या मराठी शाळेत भूगोल शिकवतो, जगातली कुठलीही नदी कुठून निघते आणि कुठं जाऊन मिळते ते विचारा, घडाघडा सांगतो, पण त्या पेटाऱ्यातून ती बाई निघाली कशी हे मला त्या संध्याकाळी कळलं नव्हतं आणि आज तुम्हाला सांगायला बसलोय तरी, खरं सांगतो, निम्मं अजून कळलेलं नाही. पण गावाला पटतं का? आज सकाळचीच गोष्ट. अंगणात राखुंडीनं दात घासत उभा आहे, तर दारात गुणाजी. काय रे गुणाजी? तर म्हणे, "मास्तर, शेळी हरवलीय. तेवढी आणून देता का?" मी तोंड न धुताच म्हटलं, अरे बाबा, शेळी मी कुठून आणू? तर डोळे बारीक करून म्हणतो, "बाई आणलीत ना? मग शेळी काय जड हाय?"

घ्या. आता याला काय सांगायचं?

नाही पण थांबा. असं मधनंच सांगत सुटलो तर तुमचा माझ्यासारखाच गोंधळ उडेल, आणि एक माणूस गोंधळलेला पुरे आहे. पहिल्यापासून सांगतो.

तर मला जादू येते. येते म्हणजे... एकच येते. सुपारीची. आमच्याकडची रोठा सुपारी असते ना, टपोरी, ती घ्यायची, सगळ्यांना दाखवायची, मुठीत धरायची, वर एक फुंकर मारायची आणि मूठ उघडायची. सुपारी नाही. कुठं गेली? बाहीत गेली, आणखी कुठं जाणार? मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो तेव्हा खोलीतल्या सोबत्यानं शिकवलं होतं, तेवढंच माझं ट्रेनिंग फळाला आलं असं आमचे तीर्थरूप म्हणत. पण गंमत अशी की नुसती वस्तू नाहीशी करून लोक खूश होत नाहीत. नाहीसं काय, पावसाळ्यात बंदरातली होडीपण होते, तिला कोण टाळ्या वाजवतो? लोकांना ती परत यायला हवी असते. आणि परत आणणं हे माझं खातंच नव्हतं. ते अंबिकेचं. अंबिका म्हणजे आमचं कुटुंब.

कुणाची मुंज असो, सत्यनारायण असो, जेवणं झाली की हाक यायचीच, मास्तर, सुपारी होऊन जाऊ दे. मी ओटीवर पुरुषमंडळींत उभा. मूठ उघडायची, हात रिकामे दाखवायचे आणि मोठ्यानं विचारायचं, मग सुपारी गेली कुठं? आणि माजघराच्या दारात बायकांची दाटी असायची, त्या दाटीतून अंबिकेचा आवाज यायचा, "ही काय इथं." आणि निघायची कुठून? कधी भटजींच्या पगडीतून. कधी एखाद्या विहिणीच्या खणाच्या घडीतून. एकदा तर शेजारच्या रहिमुन्निसाखालांनी खजूर पाठवले होते, त्यांच्या दोऱ्यानं शिवलेल्या करंडीतून निघाली, दोरा जसाच्या तसा. खाला स्वतः मागच्या पडवीत उभ्या होत्या, त्यांनी तेव्हापासून आमच्याकडचा एकही समारंभ चुकवला नाही, म्हणायच्या, "मास्तर काय करतंय त्यात काय न्हाय, बाय काय करतेय ते बघाया येतंय मी."

बरं, सुपारी तिथं जायची कशी? तर मला नाही माहीत. अहो, खरंच नाही माहीत. तिच्याकडे दुसरी सुपारी असे एवढं मला ठाऊक, पण ती केव्हा, कशी, कुठं ठेवून येई ते तिनं मला कधी सांगितलं नाही. संसार झाला सगळा, पण नाही सांगितलं. विचारलं तर पदर खोचून कामाला लागायची आणि म्हणायची, "तुम्ही नका विचारू. तुमच्या चेहऱ्यावर दिसतं." आणि खरं होतं ते. सुपारी निघाली की सगळ्यांच्या आधी मीच आ वासायचो, आणि लोक माझं तोंड बघून टाळ्या वाजवायचे. म्हणजे हिशेब बघा, नाहीशी करणार मी, आणणार ती, आणि जादू कुठली, तर माझ्या तोंडाची.

गेल्या श्रावणात अंबिका वारली. ताप आला होता... असो.

तेव्हापासून सुपारीचा खेळ बंद. म्हणजे नाहीशी करता येते हो अजून. पण मग?

तर अशात गावात दवंडी पिटत बैलगाडी फिरली. प्रोफेसर एस. दास, बंगालचे जादूसम्राट, कलकत्ता आणि रंगून गाजवून आगरदांड्याहून तरीच्या होडीनं दिघीला उतरून आपल्या गावी आले आहेत, डोळ्यांदेखत जिवंत स्त्री अदृश्य करतील आणि पुन्हा प्रकट करतील. मी शाळेच्या खिडकीतून ऐकलं. बाकी सगळं ठीक आहे, कलकत्ता ठीक, रंगून ठीक, पण ते पुन्हा प्रकट करतील म्हणाले ना, तिथं मी फळ्यावर गंगेला सिंधूची उपनदी काढून बसलो. कारण मला तेवढंच बघायचं होतं. दुसरं काही नाही. एकटा माणूस, आत बाहेर कुणी नाही, तो नाहीशी झालेली वस्तू परत आणतो कशी? ते एकदा कळलं की सुपारी पुन्हा सुरू करता येईल, असं आपलं माझ्या मनात.

पण मी मुकाट्यानं जाऊन मुकाट्यानं बघून येणार होतो. अहमदनं ते होऊ दिलं नाही. अहमद म्हणजे रहिमुन्निसाखालांचा मुलगा, सुपारीचा व्यापारी, मुंबईला मालाचे पडाव, म्हणजे गलबतं, धाडतो, त्याच्या पोटात वारासुद्धा राहत नाही. त्यानं बाजारभर करून ठेवलं की आमचे मास्तर खुद्द जादूगार आहेत, ते पहिल्या रांगेत बसणार आणि त्या बंगाल्याचं सगळं बिंग फोडणार. संध्याकाळी तंबूकडे चाललो तर जो तो थांबवून सांगतो, मास्तर, सोडू नका त्याला. मास्तर, गावाची अब्रू आहे. अरे, कसली अब्रू? आम्ही काय रंगूनवर स्वारी करतोय?

समुद्राच्या अंगाला, केवड्याच्या बनाला लागून तंबू ठोकलेला. गॅसबत्त्या फुसफुसतायत. पुढे खुर्चीत मामलेदारसाहेब, त्यांच्या शेजारी हमदुल्लासेठ, खुशीत, कारण त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाचं लग्न झालेलं, मुंबईची सून आणलेली. ते लक्षात ठेवा हं, मुंबईची सून. पुढे लागणार आहे. आपल्याकडच्या बायका दोरीपलीकडे बसलेल्या, आणि मुसलमान घरांतल्या बायांसाठी एका अंगाला कनात उभारलेली, तिला बाहेरून दार, आणि दारात पहारा कुणाचा, तर आमच्या रहिमुन्निसाखालांचा. ह्या दारातून आमच्या संस्थानाचे नवाबसाहेबसुद्धा विचारून आत जातील.

खेळ सुरू झाला. प्रोफेसर म्हणजे काळा कोट, डोक्यावर फेटा, छातीवर पदकं, आणि सगळं हिंदुस्थानीत. मेहरबान, कदरदान, ये देखिये. कागद फाडला, जोडला. मला माहीत होतं. ग्लासातलं पाणी लाल केलं. माहीत होतं. अहमद दर खेपेला कोपरानं ढोसतो, "मास्तर, हे कसं?" मी म्हणतो, अरे माहीत आहे, गप बस. तो मागच्या रांगेला सांगतो, मास्तरांला म्हाईत हाय. मागची रांग त्याच्या मागच्या रांगेला सांगते. असं करत करत माझी विद्वत्ता पार तंबूच्या दारापर्यंत पोचली. आणि मग तो पेटारा आणला.

उभा पेटारा, माणूस मावेल एवढा, पायांवर उभा. प्रोफेसर पुढे आले, सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, मला तपासणीला असा एक गृहस्थ पाहिजे जिसके चेहरे पर सब कुछ दिखता हो. आणि सरळ माझ्याकडे बोट.

आता ह्यांना कुणी सांगितलं?

गेलो वर, फळ्यांच्या मंचावर. लोक टाळ्या वाजवतायत, जसं काय मी फाशीच जायला चाललोय. पेटारा ठोकला. आत शिरून बघितला. अहमद खालून ओरडतो, "मास्तर, बूड बघा, बूड." बूड बघितलं. पायांमध्ये आरसे लावतात हे मला ऐकून ठाऊक, म्हणून वाकून हात घातला, तर हात पलीकडे निघाला आणि पलीकडच्या कंदिलाचा चटका लागून परत आला. सगळं सरळ. मी म्हटलं, सरळ आहे. प्रोफेसर म्हणाले, मिस नीरा. हिरव्या जरीच्या साडीत एक बाई आल्या, चांगल्या पोक्त, सगळ्यांना नमस्कार केला, तोंडातून शब्द नाही, पेटाऱ्यात शिरल्या. पडदा टाकला. शिट्टी वाजवली. पडदा काढला. बाई नाहीत.

मी त्या पेटाऱ्याला टेकून उभा होतो हो. माझ्या खांद्याला साधा धक्कासुद्धा लागला नाही. मग बाई गेली कुठं?

टाळ्या झाल्या. प्रोफेसरांनी हात उंचावला, म्हणाले, अब पीछे देखिये. सगळा तंबू मागे वळला. दाराकडे बघतोय. दारात कुणी नाही. प्रोफेसर पुन्हा म्हणाले, पीछे देखिये. पुन्हा बघितलं. एक कुत्रं आत आलं. लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. कुणीतरी म्हणालं, बाईचं कुत्रं केलंन, कमाल आहे. प्रोफेसर तिसऱ्यांदा पीछे देखिये म्हणाले आणि मग, तुम्हाला सांगतो, माझ्याजवळ सरकून, ओठ न हलवता, अस्सल मराठीत मला विचारतात, "अहो, ही कुठं राहिली?"

आता सांगा, मी काय समजायचं? मी म्हटलं, वा. काय नट आहे. हासुद्धा खेळाचाच भाग. म्हणून मीही रंगात येऊन मोठ्यानं म्हटलं, कुठं राहिली बरं? लोक हसले. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी मेजावरच्या उंच टोपीतून रुमाल ओढायला सुरुवात केली, एकाला एक गाठ मारलेले, संपतच नाहीत, आणि काय चाललंय, तर तोंडानं लोकांना हिंदुस्थानीत आणि कानात मला मराठीत. "ये देखिये मेहरबान, लाल रुमाल... अहो, पलीकडून वळसा घालून दारातून यायचं तिनं, एवढंच... ये देखिये, पीला... भरती आहे का हो आत्ता?... ये हरा... अंधारात वाळूवर वाट चुकली असली तर? तिला पोहता येत नाही. आम्ही कऱ्हाडकडची माणसं."

म्हणजे बंगाल नाही? रंगून नाही? मी अजून तिथंच घुटमळतोय. आणि मग मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. अगदी जवळून, गॅसबत्तीच्या उजेडात. रंग लावला होता तोंडाला, पण रंगाखालचं दिसत होतं. ते तोंड मला ओळखीचं होतं. गेल्या श्रावणापासून दाढी करताना रोज आरशात तेच बघतोय. तेव्हा मला कळलं की हा खेळ नाही.

मी म्हटलं, साडी हिरवीच आहे ना अंगावर? ते म्हणाले, "नाही हो, वरून बुरखा. काळा. लोकांनी ओळखू नये म्हणून. दारात येऊन तो टाकायचा."

बुरखा म्हणाले आणि मी समुद्राकडे बघायचं सोडून कनातीकडे बघायला लागलो. आता हे तुमच्या लगेच ध्यानात आलं असेल, मला वेळ लागला, मी नद्यांचा माणूस, सगळी वळणं घेत मुक्कामाला पोचतो. कऱ्हाडच्या माणसाला काय कल्पना, त्यांच्याकडे चालत असेल, पण आमच्या गावात काळ्या बुरख्यातली एकटी बाई पुरुषांच्या दाराकडे चालली आहे, आणि वाटेत रहिमुन्निसाखाला उभ्या आहेत. आणि खाला तिला जाऊ देतील?

मी फळीच्या कडेशी वाकलो, अहमदला खूण केली, म्हटलं, जा, खालांना विचार, त्यांच्यात कुणी जास्तीची आहे का.

"जास्तीची म्हंजे?"

म्हटलं, जास्तीची बाई.

"मास्तर, आमच्या बायांची गिनती मी कशी करू? मला झोडपतील."

मी म्हटलं, तू जा आधी. गेला बिचारा. आणि कनातीशी काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. त्या बाई, म्हणजे नीराबाई, ठरल्याप्रमाणे अंधारातून वळसा घालून निघाल्या, तर खालांनी धरलं मनगट. "अगो, तिकडं खय चाललीस? तिकडं समदे बाप्ये." बाई बोलेनात. बोलल्या तर खेळ गेला ना, त्यांची तालीमच तशी, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. आणि खाला म्हणाल्या, बोलत न्हाय, म्हणजे हमदुल्लासेठची नवी सून, मुंबईची, आपल्यात कुणाला ओळखत न्हाय, लाजते. झालं. आत नेली, चांगल्या जागी बसवली, बुरख्यातनंच विचारपूस केली, उत्तर नाही, म्हणून आणखी कौतुक, केवढी अदब आहे पोरीला. ताटलीभर सांदणं, तांदळाच्या रव्याची, गोड, दिली हातात. सुटायला उठल्या की खाला खांदा दाबून बसवतात, "बस गो, खेळ संपला की सासरा येल न्यायला."

तर अहमद बाहेरून विचारतो, अम्मा, तुमच्यात कोणी जास्तीची हाय? खाला म्हणतात, जास्तीची कशी असंल, समदी आपलीच. अहमद म्हणतो, अनोळखी कोण? तर म्हणे, हमदुल्लाची सून तेवढी. अहमदनं पुढे येऊन हमदुल्लासेठना कानात विचारलं, तुमची सून आलीय काय? ते म्हणाले, नाही, डोकं दुखतंय, घरी आहे. अहमद परत मागे. अम्मा, ती घरी हाय. खाला म्हणाल्या, घरी कशी, माझ्या बाजूला बसून सांदण खातेय. अहमद मला फळीच्या कडेशी येऊन सांगतो, "मास्तर, आता सुना दोन झाल्या." आणि परत मागे पळाला.

इकडे रुमाल संपले होते. प्रोफेसर आता तेच रुमाल परत टोपीत भरत होते, आणि लोकांना वाटत होतं हीपण जादूच, पण किती वेळ? मागून आरोळ्या. मास्तर, बोला. मास्तर, बाई गेली कुठं? मामलेदारसाहेबांनी तोंडातली विडी काढली, म्हणाले, हो मास्तर, तुम्ही तर तपासलीत पेटी. सांगा आता. सगळा तंबू माझ्याकडे बघतोय, प्रोफेसर माझ्याकडे बघतायत, अहमदचा पत्ता नाही, आणि मला ठाऊक काय आहे? काही नाही. बाई कनातीत आहे हा माझा नुसता तर्क. नसली तर? भरतीचा आवाज तंबूत येत होता. मी कोटाच्या खिशात हात घातला, नुसता, हातांचं काय करावं कळत नव्हतं म्हणून. खिशात सुपारी होती. श्रीवर्धनात कुणाच्या खिशात नसते?

का काढली ते मला सांगता यायचं नाही. काढली. वर धरली. मुठीत धरली, फुंकर मारली, मूठ उघडली. नाही. आणि मग पुढचं आपोआप तोंडातून आलं, इतक्या वर्षांची सवय, आवाजसुद्धा तोच आला, मुंजीतला. म्हटलं, मग गेली कुठं?

कनातीच्या आतून बाईमाणसाचा आवाज आला.

"ही काय हतं."

...

आवाज खालांचा होता. ते मला लगेच कळलं हो. कळलं म्हणजे... जरा वेळानं कळलं. मी कनातीकडे बघत उभाच. कनातीचं दार उचललं गेलं, एका हातानं मनगट धरून खाला एका बुरखेवाल्या बाईला घेऊन दोरीपर्यंत आल्या आणि तिथं सोडलं. बुरखा पडला. हिरवी जरीची साडी, कपाळावर कुंकू, हातात अर्धं सांदण.

आता त्या तंबूत जे झालं ते मी काय सांगू? लोक बाकांवर उभे राहिले. मामलेदारसाहेब उभे राहिले. हमदुल्लासेठ तर आपली सूनबाई ठीक आहे ना ते बघायला घरी पळाले. आणि टाळ्या कुणाला? तर मला. कारण गावानं काय बघितलं? बंगाल्यानं बाई नाहीशी केली, त्याला परत आणता येईना, घाम फुटला, रुमाल काढून काढून दमला, आणि आमच्या मास्तरांनी सुपारीवर फुंकर मारली आणि बाई हजर. मी हात जोडून सांगतोय, अहो, मी नाही. तर म्हणतात, बघा, विनय किती. आणि प्रोफेसर, त्यांनी माझ्या पायाला हात लावला, सगळ्यांदेखत. ते बिचारे खरंच लावत होते, पण गावाला वाटलं, कलकत्ता हरलं.

नंतर अहमदनं खालांना विचारलं म्हणे, अम्मा, तिच्या तोंडावरचा बुरखा उचललास, कुंकू बघितलंस, सगळं ध्यानात आलं, मग तेव्हाच का न्हाय सोडलीस तिला? मास्तरांचा जीव जायचा बाकी होता. तर खाला म्हणाल्या, "मास्तरांनी इचारल्याबगर कशी बोलू? अंबिकाबाय बोलायची काय कधी?"

असो.

खेळ मोडल्यावर मी मागच्या बाजूला गेलो. म्हटलं, आता तरी कळू दे. नीराबाई आडव्या केलेल्या पेटाऱ्यावर बसल्या होत्या, प्रोफेसर खाली वाळूत. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "काय खाल्लंस?" त्या म्हणाल्या, "सांदण म्हणतात. तुमच्यापुरतं ठेवलंय," आणि ओच्यातून काढून दिलं. बंगालचे जादूसम्राट शिवदास, खरं नाव शिवदास, खाली मान घालून सांदण खायला लागले. मग म्हटलं, प्रोफेसर, आपण एका धंद्यातली माणसं, मी कुणाला सांगायचा नाही, पण मी पेटाऱ्याला टेकून उभा होतो, बूड मी बघितलं होतं. ह्या त्यातून निघाल्या कशा?

प्रोफेसर म्हणाले, "मला काय माहीत?"

मी म्हटलं, म्हणजे?

"पेटारा तिच्या वडिलांचा आहे. लग्नात तिच्याबरोबर आला. मी नुसता पडदा टाकतो आणि शिट्टी वाजवतो. बाकीचं खातं तिचं."

मी नीराबाईंकडे बघितलं. कधी विचारलं नाही का ह्यांनी? त्या म्हणाल्या, "विचारतात. पण कशाला सांगायचं? त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं." आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमच्यापण."

बरं आहे म्हटलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी दिघीच्या रस्त्याला लागली, आणि इकडे माझ्या मागे हे शुक्लकाष्ठ. वेणूबाई येतात, मास्तर, नथीचा मोती हरवलाय. बुधाजी येतो, मास्तर, जावई रुसून गेलाय किहीमला, तेवढी एक फुंकर मारा. आज सकाळी गुणाजीची शेळी. आणि शेळी आपली आपण दुपारी घरी गेली हो, केवड्याच्या बनातून, तर तो नारळ घेऊन परत दारात, म्हणे मास्तर, पोचली. काय करायचं? अरे, मी सगळ्यांना ओरडून सांगतोय, नाहीसं करणं तेवढं माझं, परत आणणं माझं खातं नाही, कधीच नव्हतं. कोण ऐकतो? सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, बघा, कसा काहीच ठाऊक नसल्यासारखा चेहरा करतात.

म्हटलं ठीक आहे. इतकी जनता म्हणते तर असेलही. ओटीवर बसलो, दार लोटून घेतलं. सुपारी घेतली, मुठीत धरली, फुंकर मारली, मूठ उघडली. नाही. विचारलंसुद्धा, अगदी हळू, गेली कुठं. माजघरात कुणी नाही. सुपारी आपली बाहीत. आणि मला ठाऊक असतं हो ती बाहीत आहे, दर वेळेला पक्कं ठाऊक असतं, तिथंच सगळी पंचाईत. मग काय... अडकित्ता घेतो, आणि कातरून खातो.